कशावरून?

दादा म्हणतो, ‘आज नक्की पाऊस पडणार.’ तुम्ही विचारता, ‘कशावरून?’ ताई म्हणते, ‘डब्यातला शेवटचा लाडू तूच खाल्लास.’ तुम्ही लगेच, ‘कशावरून?’ घरातली मोठी माणसं या प्रश्नाला कधीकधी वैतागतात. पण दोस्तांनो, एकट्या पुण्यात अशा कितीतरी संस्था आहेत, जिथे माणसं रोज सकाळी येतात आणि संध्याकाळपर्यंत याच एका प्रश्नाचा पिच्छा पुरवतात. काही जण तर जन्मभर! त्यांना आपण संशोधक म्हणतो.

संशोधक म्हटलं की पांढरा कोट आणि हातात काचेची नळी, असं चित्र डोळ्यांपुढे येतं ना? तसे संशोधक असतातच. पण कुणाच्या हातात जुनी पोथी असते, कुणाच्या हातात तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा दात, आणि कुणी आजीबाईंची गाणी ऐकायला गावोगाव फिरत असतं. चला, यांच्यातल्या काहींच्या कामात डोकावू या.

आधी लॉ कॉलेज रस्त्यावर जाऊ. इथे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आहे, १९१७ साली सुरू झालेलं. १९१९मध्ये इथल्या मंडळींनी एक अचाट काम हाती घेतलं. महाभारत तर सगळ्यांना ठाऊक होतं, पण मूळचं महाभारत कसं होतं? छपाई नव्हती तेव्हा शेकडो वर्षं लोक ते हातानेच उतरवून घेत होते. उतरवणारा कधी दमायचा, एखादी ओळ सुटायची. कधी एखाद्याला ऐकलेली छानशी गोष्ट आठवायची आणि तो ती मधेच घालून टाकायचा. त्याच्या पोथीवरून पुढचा उतरवायचा, तोही थोडीफार भर घालायचा. अशा पोथ्या देशभर पसरलेल्या. कुठे शारदा लिपीत, कुठे बंगाली, कुठे तेलुगू, कुठे मल्याळम लिपीत.

संशोधकांनी एकूण १,२५९ पोथ्या विचारात घेतल्या. काम कसं चालायचं ते बघा. चौकटी आखलेला मोठा कागद घ्यायचा. वरच्या ओळीत श्लोक लिहायचा, एका चौकटीत एक अक्षर. मग एकेक पोथी उघडायची आणि जिथे अक्षर वेगळं असेल, तिथे त्या अक्षराच्या बरोबर खालच्या चौकटीत ते लिहायचं. एक श्लोक झाला की पुढचा. असे हजारो श्लोक!

आता खरी गंमत. या फरकांवरून मूळ कसं शोधायचं? समजा, भूगोलाच्या पेपरात दोन मुलांनी ‘कळसूबाई’ऐवजी ‘पळसूबाई’ लिहिलं. बाईंना काय वाटेल? एकाने दुसऱ्याचं बघून लिहिलं! बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच असतं, त्यावरून काही कळत नाही. पण अगदी एकसारखी, विचित्र चूक दिसली की नातं उघड होतं. पोथ्यांचंही तसंच. ज्यांच्या चुका सारख्या, त्या एका कुळातल्या. अशी त्यांची घराणी लावता येतात. आणि काश्मीरची पोथी आणि केरळची पोथी एखाद्या श्लोकात तंतोतंत जुळली, तर? एवढ्या लांबच्या लोकांनी एकमेकांचं बघून लिहिलेलं असणं अवघड. म्हणजे तो श्लोक दोघांकडेही खूप जुन्या काळापासून आलेला असणार.

व्यास सांगताहेत आणि गणपती भराभर लिहून घेतोय, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती अनेक महत्त्वाच्या पोथ्यांत नाहीच, असं आढळलं. म्हणून संशोधकांनी ती मुख्य मजकुरातून काढून परिशिष्टात ठेवली. फेकून दिली नाही हं! पोथ्यांमधला वेगळा मजकूरही पानाखाली टिपांमध्ये जपून ठेवला. मला या कामातला हा प्रामाणिकपणा फार आवडतो. आपला निर्णय सांगायचा आणि शेजारी सगळा पुरावाही मांडून ठेवायचा, म्हणजे उद्या कुणाला तो निर्णय पटला नाही तर त्याला स्वतः तपासता येईल.

या कामाचे प्रमुख संपादक होते विष्णु सीताराम सुकथनकर. ते केंब्रिजला शिकले ते काय माहीत आहे? गणित! नंतर ते जर्मनीत जाऊन संस्कृतकडे वळले. काम पूर्ण झालं १९६६ साली. तेव्हा सुकथनकरांना जाऊन तेवीस वर्षं झाली होती. त्यांच्यामागे इतरांनी ते तडीला नेलं.

याच पुण्यात राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे. करोनाची साथ आली तेव्हा तिथले शास्त्रज्ञ विषाणूचा ‘मजकूर’ वाचत होते. त्याच्या जनुकांचा धागा सुमारे ३०,००० रासायनिक अक्षरांचा असतो. विषाणू स्वतःच्या प्रती काढतो तेव्हा मधूनच एखादं अक्षर चुकतं आणि ती चूक पुढच्या प्रतींमध्ये उतरते. दोन रुग्णांच्या विषाणूंमध्ये सारखेच बदल दिसले, तर ते एकाच शाखेचे. ओळखीचं वाटतंय ना? पोथ्यांची घराणी लावायची आणि विषाणूंची घराणी लावायची युक्ती मुळात एकच आहे. तरी शाळेत आपण एकाला ‘आर्ट्‌स’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘सायन्स’, आणि अमुक हुशारांचं, तमुक इतरांचं असंही ठरवून टाकतो. हे मला मुळीच पटत नाही.

आता येरवड्याला, डेक्कन कॉलेजात जाऊ. इथे १९४८ साली सुमित्र मंगेश कत्रे यांनी संस्कृतचा एक महाकोश सुरू केला. साध्या कोशात शब्द आणि अर्थ असतो. या कोशात शब्दाचं अख्खं चरित्र असतं. तो सर्वांत आधी कुठल्या ग्रंथात आला, तेव्हा त्याचा अर्थ काय होता, पुढे तो कसा बदलत गेला. त्यासाठी ऋग्वेदापासून पुढचे सुमारे १,५०० ग्रंथ वाचून चिठ्ठ्या केल्या गेल्या. एका चिठ्ठीवर एक शब्द, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य आणि ग्रंथातला पत्ता. किती चिठ्ठ्या झाल्या असतील? सुमारे एक कोटी! खोल्याच्या खोल्या भरून लोखंडी कपाटं आणि त्यांचे खण या चिठ्ठ्यांनी गच्च भरलेले आहेत. पहिला भाग १९७६ साली छापून आला. त्यानंतर तिसाहून अधिक खंड निघाले आणि काम पोचलंय कुठवर? अजून ‘अ’ या अक्षरावरच! इथे चिठ्ठ्या लिहिणाऱ्या कित्येकांना ठाऊक होतं, की शेवटचा खंड आपण पाहणार नाही. तरी त्यांनी अक्षर वळणदार काढलं, पत्ता नीट लिहिला.

आता पुण्याबाहेर पडू. नाशिक रस्त्याने नारायणगाव, तिथून आत खोडद. शेतांच्या मधे एकदम प्रचंड तबकड्या दिसायला लागतात. एकेक तबकडी ४५ मीटर रुंद! अशा तीस. चौदा खोडदजवळ दाटीने आणि बाकीच्या सोळा तीन दिशांना लांबवर पसरलेल्या. सगळा पसारा पार पंचवीस किलोमीटरचा! हीच ‘जीएमआरटी’, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण. जवळ जाऊन पाहिलं तर तबकडी भरीव नसते, ती पातळ तारांची जाळी असते. लांब लहरींना एवढीशी भोकं जाणवतच नाहीत, आणि वारा मात्र आरपार निघून जातो. त्यामुळे तबकडी हलकी झाली, खर्चही वाचला. ही कल्पक रचना गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. तीसही तबकड्या एकाच दिशेला कान लावतात आणि त्यांनी टिपलेलं सगळं एकत्र जोडलं, की एकच भलीमोठी दुर्बीण असल्यासारखं काम होतं.

हायड्रोजनच्या अणूतून २१ सेंटीमीटर लांबीची लहर निघते. विश्व फुगत असल्यामुळे दुरून येणारी लहर वाटेत ताणली जाते. २०२३च्या जानेवारीत बातमी आली, की जीएमआरटीने एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनची लहर टिपली. ती ताणून ४८ सेंटीमीटर झाली होती. किती ताणली यावरून प्रवास कळतो. ती निघाली सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा आपली पृथ्वीच नव्हती! इतका क्षीण आवाज ऐकायचा म्हणजे आसपास शांतता हवीच. म्हणून दुर्बिणीजवळ मोबाइल बंद ठेवावा लागतो.

परत येताना पाषाण रस्त्यावर दोन संस्था लागतात. उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत सागाच्या खोडातली वर्तुळं मोजून जुन्या पावसाळ्यांचा माग काढतात. दर वर्षी एक वर्तुळ वाढतं, आणि त्याची जाडी त्या वर्षीच्या पावसाबद्दल काही सांगते. याच संस्थेची महाबळेश्वरला ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळाही आहे. दुसरी संस्था म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. बांबूला फुलायला कित्येक दशकं लागतात. इथल्या शास्त्रज्ञांनी काचपात्रात वाढवलेल्या बांबूच्या रोपांना काही महिन्यांतच फुलं आणली. १९९० साली ‘नेचर’ या नावाजलेल्या नियतकालिकात ते छापून आलं.

आणि त्या जुन्या दाताचं काय? शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८पासून १९८३पर्यंत तिथे उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं एक अख्खं गाव वर आलं! पाच खोल्यांचं एक घर सापडलं, त्याच्या शेजारी धान्य साठवायची जागा होती. बहुधा ते गावच्या मुख्याचं घर असावं. कशावरून? इतरांची घरं लहान होती म्हणून.

ते लोक खायचे काय, हे कळायला उत्खननात एक साधीच युक्ती वापरतात. खणलेली माती पाण्यात टाकायची. माती खाली बसते आणि जळून कोळसा झालेले दाणे वर तरंगतात. ते गाळून, वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे. इनामगावचे लोक मुख्यतः जव पिकवत होते. पुढच्या काळात मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. पाऊस कमी झाल्यामुळे गाव गरीब झालं असावं, असं अभ्यासकांनी मांडलं. दातही साक्ष देतात. लहानपणी मोठं आजारपण आलं किंवा उपासमार झाली, तर तेव्हा तयार होणाऱ्या दाताच्या टणक थरावर बारीक खाच राहते, ती पुन्हा कधीच भरून येत नाही. हजारो वर्षांपूर्वीचं एखादं मूल कुठल्या वयात उपाशी राहिलं, हे आज त्याचा दात हातात घेऊन सांगता येतं. विचार केला की अंगावर काटा येतो.

शेवटी जात्याकडे. पूर्वी बायका पहाटे उठून दळायच्या आणि दळताना ओव्या म्हणायच्या. आईबद्दल, भावाबद्दल, सीतेबद्दल, विठोबाबद्दल, बाबासाहेबांबद्दल. पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती कोपऱ्यात गेली. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइतवाँ या पुण्यातल्या दोघांनी सहकाऱ्यांसह या ओव्या गोळा करायला घेतल्या. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. इथे मात्र मूळ ओवी शोधायची नव्हती. मावळातल्या बाईने एक शब्द बदलला असेल, तर तो तिचा शब्द. म्हणून ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव लिहिलं गेलं. ज्या बायकांची नावं कुठल्याच पुस्तकात आली नसती, त्यांची नावं अशी टिकली.

तुमच्या घरी किंवा शेजारी जात्यावर दळलेली आजी आहे का? या सुट्टीत तिच्याजवळ वही घेऊन बसा. एका पानावर एकच ओवी लिहा, ती म्हणेल तशीच, तुमच्या पुस्तकासारखी शुद्ध करू नका. खाली तिचं नाव, माहेरचं गाव, ओवी कुणाकडून शिकली ते आणि तारीख लिहा. दुसऱ्या आजीने तीच ओवी वेगळी म्हटली तर तिच्यासाठी नवं पान घ्या. एखादा शब्द कळला नाही तर तिलाच विचारा, आणि ती सांगेल तो अर्थ तिच्याच शब्दांत शेजारी उतरवून घ्या.