चार ओळींच्या वर काय लिहायचं?

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला कवितेचं शीर्षक विचारा, तो पहिली ओळ गाऊन दाखवील. या गावाची सवयच तशी आहे. ख्यालाच्या बंदिशीला नाव नसतं. राग सांगायचा, मुखडा गुणगुणायचा, की समोरच्याला चीज कळते. १९१८ साली माधव संगीत महाविद्यालय निघालं, त्याच्या कितीतरी आधीपासून इथे हेच चालत आलंय. अभंगाचं तेच आणि जात्यावरच्या ओवीचंही तेच. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती, त्या कशाला शीर्षकं देत बसतील? १९५२ मध्ये त्यांची गाणी पुस्तकात आली, तेव्हा ती गरज पडली. शीर्षक लागतं ते डोळ्यांना आणि अनुक्रमणिकेला.

मी जयेंद्रगंजात राहतो आणि आमच्या मंडळाचा दिवाळीचा छोटेखानी अंक जुळवतो, त्यामुळे ही अनुक्रमणिका माझ्या गळ्यात असते. दरवर्षी दोन-तीन ‘पाऊस’ येतात, निदान एक ‘आई’ येते आणि ‘आठवण’ तर ठरलेलीच. कविता वाईट असतात असं नाही. पण पावसावरच्या सहा ओळींवर ‘पाऊस’ लिहून काय मिळवलं? वाचकाला पहिल्या ओळीत भिजायचंच आहे, त्याला दारातच छत्री कशाला दाखवायची?

आमचे राजकवी भा. रा. तांबे १९४१ साली इथेच, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात वारले. त्यांच्या कविता लोकांच्या तोंडी आहेत त्या चालींमुळे. वसंत प्रभूंनी चाल दिलेलं आणि लताबाईंनी गायलेलं मध मागणाऱ्या सख्याचं गाणं कुणाला ठाऊक नाही? पण त्या कवितेचं शीर्षक ‘रिकामे मधुघट’ आहे, हे सांगितलं की आमच्या बैठकीतले जुने लोकसुद्धा क्षणभर थांबतात. गाणं सुरू होतं मागण्यापासून. शीर्षक मात्र आधीच सांगून टाकतं की द्यायला काही उरलेलं नाही. ते वाचून कविता वाचली तर कवीचा नकार आधी हातात पडतो आणि मागणाऱ्याची कीव येत जाते. नुसतं गाणं ऐकणाऱ्याला ही गोष्ट मिळत नाही. माझ्या मते शीर्षक असावं तर असं. मुखड्यानं होत नाही ते काम त्यानं करावं, नाहीतर मुखडाच पुरे.

छोट्या कवितेत तर ते अर्धं ओझं उचलतं. दीर्घ कवितेचं तसं नसतं. मुक्तिबोधांची ‘अँधेरे में’ घ्या. ते जन्मले ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपूरला, १९१७ साली. घरची भाषा मराठी, कविता हिंदीत. ही दीर्घ कविता ‘कल्पना’ मासिकात छापून आली तेव्हा शीर्षकात ‘आशंका के द्वीप’ असेही शब्द होते. ते पुढे गळले, कवितेचं काही बिघडलं नाही, कारण एवढ्या मोठ्या कवितेला शीर्षक बदललेलं सोसतं. बालकवींच्या ‘औदुंबर’ला सोसणार नाही. ओळी आठ. आधी नुसता देखावा, वाट, पाणी, रंग. झाड येतं ते शेवटी, आणि त्याचं नाव म्हणजे कवितेचा अगदी शेवटचा शब्द. वर ‘औदुंबर’ लिहिलेलं असल्यामुळे वाचक सुरुवातीपासून त्या झाडाची वाट पाहतो. ते शीर्षक काढून ‘निसर्गशोभा’ ठेवा. ओळी त्याच राहतील, पण झाड देखाव्यातलं एक झाड होऊन बसेल.

मर्ढेकरांनी ‘काही कविता’मध्ये (१९४७) सरळ आकडे घातले. त्यांना ते शोभलं. आमच्या अंकात एकानं तसं करून पाहिलं, तर लोकांना वाटलं पान चुकलं.

यंदा शेजारच्या वहिनींनी एक कविता आणून दिली, शीर्षक ‘हरवलेली नदी’:

पुलावरून पाहिलं
तर खाली पाणी नाही.
नदीचा आता नाला झालाय.
बाबा मात्र पिशवी घेऊन निघताना म्हणतात,
नदीपलीकडे जाऊन येतो.

नदी म्हणजे आमची स्वर्णरेखा, लष्करातून काँक्रीटच्या पात्रातून वाहते, वाहते म्हणायचं इतकंच. कविता मला आवडली. पण नदी हरवली हे शीर्षकानं सांगितलं, तेच तिसऱ्या ओळीनं सांगितलं आणि शेवटी बाबा बोलतात तेव्हा आपल्याला ते आधीच पाठ झालेलं असतं. मी म्हटलं, “वहिनी, शीर्षक ‘नदी गेट’ ठेवा आणि तिसरी ओळ काढा.” जयेंद्रगंजाजवळचं हे ठिकाण, रिक्षावाला दिवसभर ओरडत असतो ते. नावात नदी शाबूत आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. खाली पाणी नाही म्हटल्यावर बाकीचं वाचक जुळवतो.

“पण भाऊजी, माझ्या पुण्याच्या बहिणीला नदी गेट काय कळणार?”

गेटपाशी नदी असणार एवढं तिला कळेल, आणि तेवढंच हवंय. मग मला हाव सुटली. शीर्षकात नदी आलीच आहे, तर शेवटच्या ओळीत नुसतं ‘पलीकडे जाऊन येतो’ ठेवू, असं सुचवलं. वहिनींनी कागद ओढूनच घेतला. “काहीतरीच काय! ऐंशी वर्षांचा माणूस नुसता ‘पलीकडे जातो’ म्हणाला तर कसं ऐकू येईल? ते भाजी आणायला जातात हो.”

त्यांचं बरोबर होतं. ‘नदी’ तिथेच राहिली, तिसरी ओळ गेली. तळटीप घालू का, असं त्या अजून विचारतायत. मी नको म्हणतोय. अंक अजून छापखान्यात गेलेला नाही, तोवर हे चालायचंच.