कापूस, जवस आणि जुनं विमान

आश्विन वद्य पंचमीला गुरुकुंज मोझरीत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना मौन श्रद्धांजली वाहिली जाते, जमलेली माणसं आपापल्या गावी परततात आणि तिवसा तालुक्यात थंडीची चाहूल लागते. वावरात कपाशी फुटलेली असते. जिथे अजून कोणी जवस पेरतं, तिथे पुढे पौषाच्या सुमारास निळी फुलं डोलतात. या दोन पिकांचा विमानाशी संबंध आहे म्हटलं, तर पारावरची मंडळी हसतील. पण एखादं साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं छोटं विमान दुरुस्तीसाठी पूर्ण खोललं, तर त्याच्या अंगावर कापड निघतं आणि हाडांत जवसाचं तेलही सापडू शकतं.

अशा विमानांमधलं आपल्या घरचं नाव म्हणजे ‘पुष्पक’. दोन माणसं शेजारी-शेजारी बसतील एवढी केबिन, डोक्यावर पंख, नाकात ९० अश्वशक्तीचं कॉन्टिनेंटल इंजिन. बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात ते तयार झालं आणि सप्टेंबर १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालं. दीडशेच्या घरात पुष्पकं बनली आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत गेली. अमेरिकेच्या एरोन्का चीफ या विमानाशी त्याचं बरंच साम्य होतं, पण ते ज्यांच्या देखरेखीखाली घडलं ते डॉ. विष्णू माधव घाटगे कोल्हापूरकडचे. जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. हवेच्या प्रवाहाचं आधुनिक शास्त्र ज्यांनी उभं केलं, त्यांत प्रांटल अग्रभागी होते. घाटगे परतले आणि सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये काढलेल्या त्या विमान कारखान्यात रुजू झाले. १९५१ मध्ये उडालेलं एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचं विमानही त्यांचंच. मराठी माणसाने विमान बनवलं की नाही, यावर आपल्याकडे जुन्या दंतकथा घेऊन तासन्‌तास वाद चालतात. घाटग्यांची विमानं मात्र खरोखर उडाली, त्यांवर शेकडो वैमानिक शिकले, आणि त्यांचं नाव क्वचितच निघतं.

असं विमान ओव्हरहॉलला, म्हणजे पूर्ण खोलून दुरुस्तीला, काढायचं कधी? इंग्लंड-अमेरिकेत याचं उत्तर ठरलेलं असतं, हिवाळ्यात. बर्फ, धुकं आणि तोकडा दिवस यांमुळे उड्डाण होत नाही, मग हँगरमध्ये शेगडी पेटवून पान्हे हाती घ्यायचे. आपल्याकडे उलट आहे. विमान जमिनीला बांधून ठेवतो तो पावसाळा, आणि हिवाळ्यातलं निरभ्र आकाश उडणाऱ्यांसाठी सोन्यासारखं. तरीही कापडाच्या विमानाचा जाणता मिस्त्री थंडीचीच वाट पाहतो. कारण डोप.

डोप म्हणजे कापडावर लावायचा सेल्युलोजचा द्रव, नखांच्या पॉलिशचा चुलतभाऊ. वासही तसाच, फक्त डोकं उठवणारा. साडीला खळ लावावी तसा तो ब्रशने लावतात, एकावर एक अनेक हात. वाळताना तो आकसतो आणि कापडाला ताणून घट्ट करतो. हवेत दमटपणा असला की द्रव उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर बाष्प जमतं आणि डोप पांढुरका पडतो. तो थर मग कच्चाच. फार गारठाही चालत नाही. म्हणजे हवी कोरडी आणि उबदार दुपार. वऱ्हाडातल्या मार्गशीर्षाची दुपार नेमकी तशीच असते. नीट ताणलेल्या पंखावर बोटाने टिचकी मारली की स्वच्छ, टणक आवाज येतो. खंजिरीवरचं भजन ऐकत वाढलेल्या मोझरीकरांना तो लगेच ओळखू येईल.

हे कापड अमेरिकी विमानांत दीर्घकाळ सुती असायचं, इंग्रजी विमानांत अळशीच्या धाग्याचं लिनन. अळशी म्हणजे पुन्हा जवसच! सुती कापडाच्या ‘ग्रेड ए’ या दर्जाचा नियम कडक होता. नव्या कापडाच्या एक इंच रुंद पट्टीने ८० पौंडांचा ताण सोसला पाहिजे. उन्हापावसाने ते जीर्ण होऊन ५६ पौंडांखाली आलं की सगळं उतरवून नवं चढवायचं. इथे वऱ्हाडी अभिमानाला जरा आवर घालावा लागतो. अमरावतीच्या ‘उमरावती’ या जुन्या नावावरून ‘उमरा’ म्हणून जो कापूस लिव्हरपूलच्या बाजारात ओळखला जायचा, तो आखूड धाग्याचा. विमानाच्या कापडाला लांब धागा लागे. आता बहुतेक ठिकाणी पॉलिएस्टर वापरतात. ते सांगाड्यावर चिकटवायचं आणि तापमान मोजून घेतलेली इस्त्री फिरवायची, की आवळून बसतं.

चिकटवून भागत नाही. उडताना पंखाच्या वरच्या बाजूला हवेचा दाब कमी होतो आणि कापड सांगाड्यापासून वर ओढलं जातं. म्हणून पंखाच्या प्रत्येक बरगडीला ते शिवून घेतात. हातभर लांब सुई, मेण लावलेला दोरा, एकजण वरून टोचतो, दुसरा खालून परत पाठवतो. दर दोन-तीन इंचांवर गाठ. गोधडी शिवणाऱ्या आजीला हे काम अर्ध्या तासात जमेल. फक्त टाक्यांतलं अंतर तिच्या मनावर नसतं, ते विमानाच्या वेगावरून ठरतं.

खरी धाकधूक असते ती जुनं कापड फाडताना. आत उंदरांची घरटी निघतात, आणि उंदराच्या मुताने धातू खाल्लेला असतो. सांगाडा पोलादी नळ्यांचा असेल, तर तो बाहेरून चकचकीत आणि आतून गंजलेला असू शकतो. टोकदार हत्याराने ठोकत ठोकत एकेक नळी तपासायची. जिथे टोक आत जाईल, तिथे तेवढा तुकडा कापून नवा जोडायचा. जवस येतं ते इथे. नळीला बारीक भोक पाडून गरम जवस तेल ओततात, सांगाडा उलटासुलटा करून ते आत सगळीकडे फिरवतात, जादाचं निथळू देतात आणि भोक बंद करतात. जवसाचं तेल हवा लागली की सुकून पापुद्रा धरतं, आणि गंजाला वाट राहत नाही. शिवाय वेल्डिंगमध्ये सुईएवढं छिद्र राहिलं असेल, तर तेल झिरपून चुगली करतं.

लाकडी विमानाचं दुखणं वेगळं. जुन्या लाकडी जोडांत दुधातल्या केसिनचा सरस वापरत. ओलाव्यात त्यावर बुरशी धरते. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या लाकडी मॉस्किटो विमानांचे पंख १९४४ मध्ये उड्डाणातच निखळले, तेव्हा इथल्या हवेबरोबरच कारखान्यातल्या सदोष चिकटकामावरही ठपका आला.

इंजिनाचं काम त्या मानाने परिचित. ट्रॅक्टरचं इंजिन बांधणारा माणूस इथे फार गांगरणार नाही. फरक सावधगिरीत आहे. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, ते पेटवायला दोन स्वतंत्र मॅग्नेटो, म्हणजे एक मेला तरी दुसरा घरी आणेल. क्रँकशाफ्टमध्ये चुंबकत्व भरून त्यावर लोखंडाची चमकणारी भुकटी सोडतात. डोळ्याला न दिसणारी चीर असेल, तर भुकटी तिथे रेघ धरून बसते. प्रत्येक नटाला किती जोर द्यायचा हे पुस्तकात लिहिलेलं असतं, आणि महत्त्वाचा नट तारेने किंवा खिळीने बांधल्याशिवाय सोडत नाहीत. शेवटी लॉगबुक: काय काढलं, काय बसवलं, परवानाधारक इंजिनीअरची सही. कागद अपुरा असेल, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या लेखी ते विमान म्हणजे शोभेची वस्तू.

एवढा खटाटोप कोण करतं? जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन पुस मॉथ विमान मुंबईत जुहूला उतरवलं. त्या घटनेला पन्नास वर्षं झाली, तेव्हा १९८२ मध्ये त्यांनी तोच प्रवास जुन्या लेपर्ड मॉथमधून पुन्हा केला. प्लायवूड आणि कापडाचं ते १९३३ च्या घडणीचं विमान, चालवणारा ७८ वर्षांचा. हवाई दलाचं टायगर मॉथ इंग्लंडमध्ये नव्याने घडवून घेतलं गेलं आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये हिंडनच्या हवाई तळावर वायुसेना दिनी उडालं. भंगारात निघालेलं डकोटा विमानही इंग्लंडमध्येच दुरुस्त होऊन २०१८ मध्ये ‘परशुराम’ नावाने दलात आलं. १९४९ पासून रात्रीची टपाल विमानं चार महानगरांतून निघून मध्यरात्री नागपूरला भेटायची, ती डकोटाच होती. मुंबईहून येणारं वऱ्हाडच्याच आकाशातून जायचं.

अमरावतीच्या बेलोऱ्याला एप्रिल २०२५ पासून प्रवासी विमान उतरतं. तिथल्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेसाठी एअर इंडियाने ३४ विमानं जाहीर केली, पण त्यांत कापडाचं एकही नाही.

ओव्हरहॉल झालेलं विमान पहिल्यांदा उडतं तेव्हा वैमानिक एकटाच असतो. धावपट्टीच्या आसपासच घिरट्या घालायच्या, तेलाचा दाब आणि तापमान पाहत राहायचं, काही खटकलं तर तसंच खाली यायचं. उतरल्यावर इंजिन थांबतं न थांबतं तोच मिस्त्री झाकण उघडतो आणि आत बॅटरी मारून तेलाचा ओघळ कुठे दिसतो का ते शोधू लागतो.