होलोग्राम : भुंगेऱ्याच्या पंखापासून औषधाच्या बाटलीपर्यंत

भिलाईच्या मरोदा भागातून दल्ली राजहराकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गाने पुढे गेले की लवकरच भातखाचरे सुरू होतात. भाद्रपदाच्या सुमारास खोडकिडा किंवा तपकिरी तुडतुडे दिसू लागले की शेतकरी कृषी सेवा केंद्रात जातो आणि बाटलीच्या झाकणावरील चकाकणारा शिक्का पाहून औषध अस्सल असल्याचे मानतो. हा शिक्का म्हणजे होलोग्राम. तो नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे समजण्यासाठी त्यामागील प्रकाशशास्त्राची ओळख करून घेणे इष्ट ठरेल.

साधे छायाचित्र केवळ प्रकाशाची तीव्रता नोंदवते. वस्तूवरून परतणाऱ्या प्रकाशलहरीत तीव्रतेबरोबर कलाही असते, म्हणजे लहर आपल्या चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे याची माहिती. वस्तूची खोली या कलेत दडलेली असते आणि छायाचित्रात नेमकी तीच हरवते. मूळचे हंगेरीचे डेनिस गाबोर यांनी 1947 मध्ये इंग्लंडमध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सुधारण्याच्या खटपटीत यावर उपाय शोधला. वस्तूवरून आलेल्या लहरीत दुसरी, ज्ञात लहर मिसळायची. दोहोंच्या व्यतिकरणातून उमटणाऱ्या उजळ व काळोख्या रेषांत कलेची नोंद आपोआप होते. परंतु त्यासाठी लागणारा सुसंगत प्रकाश तेव्हा सहज उपलब्ध नव्हता. 1960 मध्ये लेसर आला, एमेट लीथ व ज्युरिस उपाटनिएक्स यांनी अमेरिकेत सुस्पष्ट त्रिमितीय होलोग्राम तयार केले आणि गाबोर यांना 1971 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रत्यक्ष कृतीत लेसरचा झोत दोन भागांत विभागतात. एक भाग वस्तूवरून परावर्तित होऊन फिल्मवर येतो, दुसरा थेट येतो. दोन्ही जेथे भेटतात तेथे सूक्ष्म रेषांचे जाळे नोंदले जाते. पुढे त्याच फिल्मवर थेट झोतासारखा प्रकाश टाकला की रेषांमुळे त्याचे विवर्तन होते आणि वस्तूवरून निघालेली मूळ लहर जणू पुन्हा जन्म घेते. पाहणाऱ्याने मान हलवली की पुढच्या वस्तूआडची मागची वस्तू दिसू लागते. फिल्मचा तुकडा पाडला तरी त्यात संपूर्ण वस्तू दिसते, मात्र पाहण्याची खिडकी लहान होते. नोंद होत असताना वस्तू प्रकाशाच्या तरंगलांबीच्या अंशाएवढी जरी हलली तरी चित्र बिघडते. तांबड्या हीलियम-निऑन लेसरची तरंगलांबी 632.8 नॅनोमीटर असते. म्हणून हे काम कंपनरहित मेजावर करावे लागते.

मरोदा भागातील मैत्रीबाग ही भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण. भिलाईचा पोलाद कारखाना ज्या सहकार्यातून उभा राहिला, त्याच काळात लेनिनग्राडमध्ये युरी डेनिस्युक वेगळ्या वाटेने होलोग्राफीकडे वळले होते. 1962 मध्ये त्यांनी मांडलेल्या पद्धतीत दोन्ही झोत फिल्मच्या विरुद्ध बाजूंनी येतात. त्यामुळे रेषा पृष्ठभागावर न राहता फिल्मच्या जाडीत, एकावर एक रचलेल्या पापुद्र्यांप्रमाणे तयार होतात. अशा पापुद्र्यांतून ठरावीक रंगच परावर्तित होतो, म्हणून हा होलोग्राम साध्या पांढऱ्या प्रकाशातही दिसतो.

कीटकशास्त्राच्या अभ्यासकाला ही रचना ओळखीची वाटते. पावसाळ्यात बाभूळ-बोरीवर आढळणाऱ्या स्टर्नोसेरा या रत्नासारख्या भुंगेऱ्याच्या पाठीवरील हिरवी झळाळी रंगद्रव्याची नसते. त्याच्या कठीण पुढच्या पंखांत अतिशय पातळ थर एकावर एक असतात आणि त्यांतून हिरवा प्रकाश परततो. तिरपे पाहिल्यास तो निळसर होतो. हुमणीच्या कुळातील सेरिका भुंगेऱ्यांत आणखी वेगळी युक्ती आढळते. त्यांच्या अंगावर बारीक समांतर रेषा असतात आणि त्यांवरून इंद्रधनुषी छटा उमटतात. औषधाच्या बाटलीवरील शिक्का या दुसऱ्या प्रकारचा नातलग आहे.

हा शिक्का तयार करण्यासाठी प्रथम मूळ रेषांचा निकेलचा साचा घडवतात. तो प्लास्टिकच्या पातळ फितीवर दाबून उमटवतात आणि मागे ॲल्युमिनियमचा थर चढवतात. एका साच्यातून असंख्य प्रती निघतात, त्यामुळे प्रत्येक शिक्का अत्यल्प खर्चाचा ठरतो. पॅन कार्डावर व बँकांच्या कार्डांवर हेच तंत्र दिसते. (नोटेवरील हिरव्याची निळी होणारी पट्टी होलोग्राम नव्हे. 2022 मध्ये इंडिया गेटजवळ दिसलेली नेताजींची प्रतिमाही पारदर्शक पडद्यावर प्रोजेक्टरने टाकलेली होती.)

शेतीच्या संशोधनात होलोग्राफीचा आणखी एक उपयोग होतो, तो फवाऱ्यातील थेंब मोजण्यासाठी. लेसरच्या झोतातून जाणाऱ्या थेंबांचे होलोग्राम डिजिटल कॅमेऱ्याने टिपून संगणकाद्वारे प्रत्येक थेंबाचा आकार व स्थान काढता येते. सुमारे 100 मायक्रोमीटरपेक्षा लहान थेंब वाऱ्याबरोबर सहज वाहून जातात, पिकावर न पडता शेजारच्या शेतात किंवा फवारणाऱ्याच्या श्वासात जातात. नोझलची निवड करताना ही माहिती मोलाची ठरते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शिक्का फार तर स्वतःच्या अस्सलपणाची ग्वाही देतो, बाटलीतील द्रवाची नव्हे. भामट्याला मूळ होलोग्रामची तंतोतंत नक्कल करावी लागत नाही. चकाकणारी, रंग बदलणारी कोणतीही फीत चिकटवली तरी घाईतल्या ग्राहकाला ती पुरते. त्यातून नुकसान दुहेरी होते. कीड मरत नाही, हंगाम निघून जातो. शिवाय कमी मात्रेचे औषध वारंवार फवारल्याने प्रतिकारक्षम किडी निवडल्या जातात आणि पुढे अस्सल औषधही निष्प्रभ ठरू लागते.

म्हणून शेतकरी बंधूंनी शिक्का पाहावा, पण त्यावर थांबू नये. वेष्टन उन्हात तिरपे करून चित्र व अक्षरे बदलतात का, की नुसतीच चकाकी आहे, हे पाहावे. लेबलवरील नोंदणी क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची व मुदतीची तारीख वाचावी आणि परवानाधारक विक्रेत्याकडून बॅच क्रमांक लिहिलेले पक्के बिल घ्यावे. लेबलवरील चौकोनाच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विषारीपणा दाखवतो : लाल सर्वाधिक, त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा. रिकामी बाटली तीनदा खळबळून ते पाणी फवारणीच्या टाकीत ओतावे आणि बाटलीला भोके पाडून ती निकामी करावी. भंगारात गेलेल्या धड बाटलीवर खरे लेबल व खरा शिक्का शाबूत असतो. बनावट माल भरण्यासाठी त्याहून सोयीचे भांडे दुसरे नाही.