खडकाळ किनाऱ्यावरील लाटांचे छायाचित्रण

हिंगोली जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही. तथापि या जिल्ह्याच्या भूमीत आढळणारा काळा बेसाल्ट खडकच रायगड जिल्ह्यातील हरिहरेश्वर येथे समुद्राला सामोरा उभा आहे. तेथे खडकावर फुटणाऱ्या लाटांचे छायाचित्र घेण्याचा मोह सहलीस गेलेल्या विद्यार्थ्यांना होणे स्वाभाविक होय. म्हणूनच लाटेचे स्वरूप शिक्षकांनी आधी समजून घेणे अगत्याचे आहे.

लाट कशी फुटते?

खोल समुद्रात वाऱ्याने उठलेली लाट किनाऱ्याजवळील उथळ पाण्यात शिरली की तिचा वेग मंदावतो व उंची वाढते. वाळूच्या उतारावर तिचा जोर हळूहळू ओसरतो. परंतु उभ्या खडकावर तो एकदम आदळतो आणि पाणी उंच उसळते. सर्व लाटा सारख्या नसतात. अनेक लहान लाटांनंतर अकस्मात मोठी लाट येते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती असते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची. भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते.

छायाचित्र कसे घ्यावे?

उडणारे तुषार स्थिर दिसावयाचे असल्यास सेकंदाचा एक हजारावा भाग इतका अल्प प्रकाशनकाल ठेवावा. पाणी धुक्यासारखे हवे असल्यास तिपाई वापरून तो एक-दोन सेकंदांपर्यंत वाढवावा. पांढऱ्या फेसातील बारकावे राहतील अशा बेताने प्रकाश मोजावा. दूरदर्शी भिंग असल्यास सुरक्षित उंचीवरूनही लाट जवळ भासते. खारे तुषार उडालेला कॅमेरा गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसावा.

दक्षता

कॅमेऱ्यात पाहणाऱ्यास बाजूने येणारी लाट दिसत नाही. दिनांक ९ जानेवारी २०१६ रोजी मुंबईत वांद्रे येथील खडकांवर छायाचित्र घेताना तरुणी समुद्रात पडल्या. त्यांपैकी एक तरुणी व त्यांना वाचविण्यास धावलेला एक नागरिक प्राणास मुकले. ते दिवस पावसाळ्याचे नव्हते, हे ध्यानात ठेवावे. म्हणून प्रथम पंधरा-वीस मिनिटे लाटांचे निरीक्षण करावे, ओल्या व शेवाळलेल्या खडकावर पाऊल टाकू नये आणि समुद्राकडे पाठ करू नये. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उंच लाटांचे इशारे देते. ते आधी पाहावेत. हरिहरेश्वरचा खडकांवरील प्रदक्षिणामार्ग भरतीच्या वेळी टाळावा.

हीच शिस्त आपल्या जिल्ह्यातील सिद्धेश्वर धरणाचे दरवाजे उघडल्यावरही पाळणे आवश्यक आहे. ग्रामपंचायतींनी नदीकाठच्या धोक्याच्या जागी फलक लावल्यास आणि शाळांनी ही माहिती मुलांना दिल्यास अनेक जीव वाचू शकतील.