तीर्थनच्या काठी तीन दिवस

रमजान ईदचा शीरखुर्मा संपला, की आमच्या घरी मेच्या सुट्टीची चर्चा सुरू होते. या वेळी आमच्या तेरा वर्षांच्या मुलाने सगळे आधीच ठरवून ठेवले होते. त्याला फ्लाय फिशिंग करायचे होते. मोबाईलवर त्याने पाहिले होते, की गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस लांब दोरी हवेत फिरवतो, मासा लागतो, माणूस फोटो काढतो आणि मासा परत पाण्यात सोडून देतो.

कोकणातल्या घराला मासेमारी नवी नाही. मुलांचे आजोबा हयात असताना खाडीत पाग टाकायचे, बांधावर बसून गळही टाकायचे. त्यामुळे कोणाचा विरोध नव्हता. फक्त दादी जेवता जेवता म्हणाल्या, "बेटा, पोटासाठी मासा धरला तर समजतं. सोडूनच द्यायचा, तर त्याच्या तोंडात गळ टोचायचा कशाला?"

मुलाला उत्तर देता आले नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही नाही. सहलीचा बेत त्यामुळे मोडला नाही, पण त्याची आखणी मात्र याच प्रश्नाच्या आधाराने झाली. आपल्यापैकी कोणी मुलाबाळांसह अशी सहल काढणार असेल, तर आमचा अनुभव उपयोगी पडेल म्हणून हे लिहीत आहोत.

हा प्रकार आहे तरी काय?

नेहमीच्या गळाला आपण गांडूळ किंवा कोळंबी लावतो, आणि शिशाच्या वजनाने दोरी लांब जाते. फ्लाय फिशिंगमध्ये आमिष खोटे असते. बारीकशा गळावर पिसे आणि धागा गुंडाळून एक माशी तयार करतात. तिला वजन जवळजवळ नसतेच, म्हणून इथे दोरीच जाड आणि वजनदार असते. काठी मागे-पुढे हलवली की दोरी हवेत सरळ होते आणि टोकाच्या पातळ, पारदर्शक धाग्याला बांधलेली माशी अलगद पाण्यावर उतरते.

हे सगळे मुख्यतः ट्राउट माशासाठी. तो नदीतले किडे खातो आणि प्रवाहाकडे तोंड करून एका जागी उभा राहतो, कारण अन्न वाहत त्याच्याकडे येते. म्हणून त्याच्या मागच्या बाजूने, आवाज न करता जावे लागते. उतावळ्या माणसाला हा मासा मिळत नाही. मुलांना सबुरी शिकवायची असेल, तर हा खेळ वाईट नाही, असे आम्हाला वाटले.

ट्राउटला थंड आणि वाहते पाणी लागते, म्हणून तो आपल्या नद्यांत नाही. हिमालयातही तो मूळचा नव्हे. इंग्रजांनी १९०० च्या सुमारास युरोपातून ब्राऊन ट्राउटची अंडी काश्मीरमध्ये आणली आणि १९०९ च्या सुमारास हा मासा कुल्लूच्या खोऱ्यात पोहोचला. रेनबो ट्राउट उत्तर अमेरिकेतला. आज दोन्ही जाती हिमाचलात आहेत.

खेळ की अन्न?

दादींचा प्रश्न आम्ही आमच्या मोहल्ल्यातील मौलानासाहेबांपुढे ठेवला. ते म्हणाले, मासा खाण्यासाठी धरण्यात काहीच शंका नाही. सूरह अल-माइदाच्या ९६ व्या आयतीत पाण्यातल्या शिकारीची परवानगी आहे आणि तिथे प्रवाशांचाही उल्लेख आहे. ट्राउट हा मासाच असल्याने हनफी आणि शाफई, दोघांच्याही मते तो हलाल. मात्र जिवंत प्राण्याला नेमबाजीचे लक्ष्य करण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे आणि जीव घेतानाही त्याला कमीत कमी त्रास व्हावा, अशी शिकवण दिली आहे. त्यामुळे निव्वळ मौजेखातर जिवाला इजा करणे आपल्याला पसंत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

मग घरी बसून आम्ही चार गोष्टी ठरवल्या. गळ टाकायचा तो खाण्यासाठीच. त्या दिवशीच्या जेवणापुरते मिळाले की काठी गुंडाळायची. ठेवायचा मासा तडफडत ठेवायचा नाही, बाहेर काढताच डोक्यावर एक घाव घालून त्याला शांत करायचे. आणि कायद्याने सोडावा लागणारा लहान मासा लागला, तर त्याला इजा कमी व्हावी म्हणून गळाचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून सपाट करायचा. मुलगा थोडा हिरमुसला, पण तयार झाला.

कुठे आणि केव्हा?

आम्ही हिमाचलच्या कुल्लू जिल्ह्यातले तीर्थन खोरे निवडले. तीर्थन नदी ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या डोंगरांतून येते आणि लारजीजवळ बियासला मिळते. या उद्यानाला २०१४ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली. उद्यानाच्या हद्दीत मासे धरायचे नसतात. खाली गुशैनी आणि बंजारच्या आसपास नदीकाठी घरगुती मुक्कामाच्या जागा आहेत.

कोकण रेल्वेवरून थेट चंदीगडला जाणाऱ्या गाड्या ठराविक वारी असतात, तिकिटे मात्र लवकर काढावी लागतात. चंदीगडहून मनालीच्या रस्त्याने निघून औटच्या बोगद्याआधी बंजारकडे वळायचे. डोंगरातला रस्ता आहे, तेव्हा हा पूर्ण दिवस प्रवासासाठीच ठेवावा. वयस्कर माणसे बरोबर असतील, तर चंदीगडला एक रात्र थांबावे.

हिमाचलात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउट धरायला बंदी असते. थंडीत ब्राऊन ट्राउट नदीच्या तळाशी खडीत अंडी घालतो, म्हणून ही बंदी. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी गढूळ आणि रस्ते धोक्याचे. जुलै २०२३ च्या पुराने कुल्लूत काय झाले, ते सर्वांनी पाहिले आहे. उरतात मार्च ते जून आणि पावसानंतरचा ऑक्टोबरपर्यंतचा काळ. शाळांमुळे आम्हाला मेच सोयीचा होता. सध्या बकरीद मे-जूनच्या आसपास येत असल्याने तारखा ठरवताना चंद्राचे कॅलेंडरही समोर ठेवावे.

परवाना आणि सराव

मासे धरण्यासाठी राज्याच्या मत्स्य विभागाचा परवाना लागतो. तो काठीमागे आणि दिवसाप्रमाणे मिळतो. दिवसाला किती मासे ठेवता येतील आणि किती लांबीपेक्षा लहान मासा सोडावा लागेल, हे तिथेच नीट विचारून घ्यावे. आम्ही दोनच काठ्यांचे परवाने काढले. सगळ्यांनी आळीपाळीने एकाच काठीवर हात मारणे चालते का, हेही आधी विचारून घेतले. ओळखीच्या माणसाने "कोण बघतंय?" असे म्हटले, तरी परवान्याशिवाय गळ टाकू नये. मुले बरोबर असतात, ती तेच शिकतात.

काठी विकत घेण्याची घाई करू नका. मुक्कामाच्या जागी ती भाड्याने मिळते का आणि शिकवणारा माणूस मिळेल का, ते फोनवर विचारून ठेवा. आम्ही एक साधी काठी महिनाभर आधी उसनी आणली आणि गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून शाळेच्या मैदानावर सराव केला. पहिल्या आठवड्यात दोरी आमच्याच गळ्यात पडत होती. आमच्या दहा वर्षांच्या मुलीला ते आधी जमले, कारण ती जोर लावत नव्हती.

सामानात या वस्तू हव्यातच : डोळ्यांसाठी चष्मा आणि टोपी (मागे जाणारा गळ डोळ्यात शिरू शकतो), शेवाळावर न घसरणारे बूट, गळ काढायची पकड, स्वेटर आणि कपड्यांचा एक जादा जोड. बायकांनी ध्यानात ठेवायची गोष्ट म्हणजे सैल सलवार किंवा बुरखा पाण्यात भिजला की फार जड होतो आणि प्रवाह त्याला ओढतो. पाण्यात न उतरता काठावरूनही गळ टाकता येतो. आम्ही तसेच केले.

जेवण आणि नमाज

खोऱ्यात मांस हलाल मिळेलच, अशी खात्री धरू नये. आम्ही यजमानांना आधीच फोन करून सांगितले, की राजमा, भात, भाज्या आणि आम्ही धरलेला मासा, एवढे पुरे. मासा तळायला आम्ही घरून तवा आणि मसाला नेला होता. घरच्या बाईंनी हसत चूल मोकळी करून दिली आणि त्यांच्याकडचे गरम सिड्डू तूप लावून खाऊ घातले. आम्हीही त्यांना विचारून घेतले, की नदीचा कोणता भाग देवस्थानाचा आहे, कुठे गळ टाकलेला गावाला आवडणार नाही. पाहुण्याने एवढे तरी विचारावेच.

सफरीत नमाज कसर करण्याची सवलत आहे. हनफी मतानुसार एका ठिकाणी पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल, तर ती राहते. शाफई मतानुसार येण्या-जाण्याचे दिवस सोडून चार दिवसांपेक्षा कमी. आम्ही शाफई, म्हणून तीन पूर्ण दिवसांचाच मुक्काम ठरवला. आपल्या आलिमांकडून खात्री करून घ्यावी. मुंबई-कोकणात किब्ला पश्चिमेच्या किंचित उजवीकडे असतो, तीर्थनला तो पश्चिमेच्या किंचित डावीकडे येतो. दरीत सूर्य डोंगराआड लवकर जातो, म्हणून मगरिबची वेळ अंदाजाने धरू नये, वेळापत्रक पाहावे.

पाण्याचा धाक

दिसायला उथळ असलेली डोंगरातली नदी मोठ्या माणसालाही पाडते. जून २०१४ मध्ये लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात बियासच्या पात्रात उतरलेले हैदराबादच्या एका कॉलेजचे २४ विद्यार्थी वाहून गेले. म्हणून धरणाच्या खालच्या पात्रात उतरायचेच नाही, हा आमचा पहिला नियम होता. मुलांनी मोठ्यांशिवाय काठावर जायचे नाही, आणि पाणी अचानक गढूळ झाले किंवा वाढले की सगळे टाकून वर यायचे, हे पुढचे दोन नियम.

नदीवर

पहिल्या दिवशी काहीच मिळाले नाही. झाडात अडकून चार माश्या मात्र गेल्या. दुसऱ्या दिवशी फज्रनंतर मुलाच्या काठीला झटका बसला. मासा बाहेर आला, अंगावर लाल ठिपके, पण मापात बसत नव्हता. शिकवणाऱ्या दादांनी हात ओले करायला लावले, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा चिकट थर निघतो. मुलाने गळ काढला, मासा प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरला आणि तो आपणहून गेला.

"दादी, दुखलं असेल का त्याला?" त्याने विचारले.

"दुखलं असेल," दादी म्हणाल्या. "म्हणून तर मोजून टाकायचा गळ."

त्याच संध्याकाळी समोरच्या डोहात मासे वर येऊन किडे टिपू लागले. दिवसभरातली हीच खरी वेळ, असे शिकवणारे दादा सांगत होते, आणि तेवढ्यात मोबाईलवर मगरिबची अजान झाली. मुलाने एकदा डोहाकडे पाहिले, एकदा आमच्याकडे. आम्ही काही बोललो नाही. त्याने दोरी गुंडाळली. नमाज होईपर्यंत अंधार पडला आणि त्या दिवशीही हाती काही आले नाही. तो रात्री फारसे बोलला नाही. त्याला वाईट वाटले होते, आणि ते आम्ही तसेच राहू दिले.

तिसऱ्या दिवशी एक चांगला, मापाचा ट्राउट मिळाला. ठरल्याप्रमाणे त्याला लगेच शांत केले. दादींनी नातवाला शेजारी बसवून तो साफ करायला शिकवले. पोट उघडले तर आत काळे, बारीक किडे होते, आमच्या खोट्या माशीसारखेच. मुलगा ते बराच वेळ पाहत राहिला. पाच माणसांत एक मासा. प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन घास आले. अजून दुपार शिल्लक होती आणि परवानाही होता, पण जेवणापुरते मिळाले होते. काठी गुंडाळण्याचे कोणाला सांगावे लागले नाही.

घरी परतलो तेव्हा जून उजाडत होता. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. बंदरात ओळीने नांगरलेल्या बोटी पाहून मुलगी म्हणाली, "आता दोन महिने मासे महाग." तेव्हा मुलगा तिला समजावू लागला, की या दिवसांत मासळीच्या पोटात गाभोळी असते, आत्ता सोडली तर पुढे मिळेल. दादी मागे चालत होत्या. त्यांनी ऐकले आणि आम्हाला खूण केली, की मध्ये बोलू नका, त्यालाच सांगू द्या.