आकाशातली अडत

माणसाने कोणत्या वयात काय करावे याचे संकेत समाजाने ठरवून दिलेले आहेत. पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाने संध्याकाळी पद्मतीर्थाच्या बाजूने एक फेरी मारावी, बालाजीचे दर्शन घ्यावे, मधुमेहाविषयी चार माणसांशी बोलावे आणि साडेनऊला अंथरुणावर पडावे, असा आमच्या वाशिमचा शिरस्ता आहे. हा शिरस्ता मी गेले वर्षभर मोडीत काढला आहे. रात्री जेवणे आटोपली, की मी खोलीचे दार लोटून घेतो आणि वीस टन धान्य घेऊन एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर जातो.

दचकू नका, वाचकहो! माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला आमच्या सौभाग्यवतींकडून मिळेलच असे मात्र सांगता येत नाही.

झाले असे, की आमचे चिरंजीव पुण्याला नोकरीस लागले, त्यांनी नवा लॅपटॉप घेतला आणि जुना संगणक आम्हांस दान केला. जाताना त्यात एक खेळ घालून दिला. "बाबा, तुम्ही व्यापारी माणूस. हा खेळून बघा," म्हणाला. खेळाचे नाव 'ऊलाइट'. त्याची जाहिरात मी कुठे पाहिलेली नाही आणि गावातल्या एकाही मुलाने त्याचे नाव ऐकलेले नाही. त्यांना हवी असते मोबाइलवरची धडाधड गोळीबारी. हा खेळ फुकट मिळतो म्हणूनही असेल कदाचित; फुकटच्या वस्तूला किंमत नसते हे बाजारात बसलेल्या माणसाला सांगायला नको.

पण या खेळाचे कूळ मोठे आहे. १९८४ च्या सप्टेंबरात इंग्लंडात 'एलिट' नावाचा एक खेळ निघाला. डेव्हिड ब्रॅबेन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोघा विद्यार्थ्यांनी तो 'बीबीसी मायक्रो' नावाच्या यंत्रासाठी रचला. त्या यंत्राची स्मरणशक्ती केवळ ३२ किलोबाइट. आज भ्रमणध्वनीतले एक छायाचित्रसुद्धा तीत मावायचे नाही. तेवढ्या जागेत या पोरांनी आठ आकाशगंगा बसवल्या, आणि प्रत्येकीत २५६ तारे! गुणाकार करा, २०४८ झाले. हे कसे साधले? आपल्याला एकोणतीसचा पाढा येत नसला तरी बेरीज येत असली, की तो हवा तेव्हा मांडून घेता येतो. पाठ करून ठेवावा लागत नाही. तसेच इथे. एक बीजसंख्या आणि तिच्यापासून पुढच्या संख्या काढण्याची रीत एवढेच यंत्रात साठवलेले. ग्रहाचे नाव, तिथले राज्य, तिथला धंदा, सारे त्या त्या वेळी हिशेबातून निघते, आणि दरवेळी तेच निघते.

योगायोग असा, की त्याच १९८४ साली आपल्या देशातही शाळांमधून संगणक शिकवण्याची 'क्लास' नावाची योजना सुरू झाली आणि तिच्यासाठी हेच बीबीसी मायक्रो यंत्र निवडले गेले. पहिल्या फेरीत ती यंत्रे सुमारे अडीचशे शाळांत पोचली. आमच्या शाळेचे नाव त्यांत नव्हते. आम्ही तेव्हा लोटांगणे घालून गोट्या खेळत होतो. पुढे २००४ च्या सुमारास जाइल्स विल्यम्स नावाच्या गृहस्थाने त्या जुन्या 'एलिट'च्या धर्तीवर 'ऊलाइट' रचला आणि त्याची आतली सगळी मांडणीही लोकांना मोकळी करून दिली. तोच हा खेळ.

खेळाचा आरंभ मोठा गमतीचा आहे. तुमच्या हाती एक छोटे यान, शंभर क्रेडिट नावाचे चलन आणि वीस टन माल मावेल एवढी कोठी. जागा लावे नावाचा शेतीप्रधान ग्रह. पुढे काय करायचे, कोणी सांगत नाही. राजकन्या सोडवायची नाही, राक्षस मारायचा नाही. पोट भरायचे, बस्स! मालाची यादी समोर असते: धान्य, कापड, मद्य, यंत्रे, संगणक, खनिजे, सोने. शेतीच्या ग्रहावर धान्य स्वस्त, कारखान्यांच्या ग्रहावर महाग. संगणकाचे नेमके उलटे. लावेवर चारच्या आसपास घेतलेले धान्य झाओन्स या औद्योगिक ग्रहावर साडेसहाच्या आसपास जाते. तिकडून येताना संगणक भरावेत. वाटेत लुटारू असतात. ग्रहावर राज्य धड असेल तर थोडे, बेबंदशाही असेल तर झुंडीने. त्यांच्याशी दोन हात करावे लागतात.

आणि हे सगळे पार पडले तरी खरी कसोटी शेवटीच. ग्रहाभोवती मुक्कामाचे जे स्थानक असते ते स्वतःभोवती गरगर फिरत असते, आणि त्याचे प्रवेशद्वार म्हणजे टपालपेटीच्या तोंडासारखी एक आडवी फट. आपले यान त्याच गतीने फिरवत फिरवत नेमके त्या फटीत घालायचे. जरा चुकले, की यान, माल आणि आपण यांची एकच राख! जमा झालेले काही जपून ठेवायचे तर तेही मुक्कामाला पोचल्यावरच; वाटेत नाही. पहिल्या आठवड्यात मी अकरा वेळा भस्म झालो.

आता थोडे घरचे सांगितले पाहिजे. आमची बाजारात अडत होती. वडिलांनी चाळीस वर्षे चालवली; मग मी गादीवर बसलो. २०१५ साली तुरीच्या डाळीने किलोला दोनशे रुपयांची मजल गाठली होती, हे आपल्या गृहिणींना आठवत असेलच. भाव चढतच राहणार अशी माझी खात्री झाली. अडतीबरोबर मी खरेदीही करू लागलो आणि २०१६ च्या आरंभी होते-नव्हते ते, वर बँकेचे कर्ज, सारे तुरीत घातले. पुढच्या हंगामात तुरीचे अमाप पीक आले. सरकारचा हमीभाव ५,०५० रुपये क्विंटल असताना बाजारात त्याच्याही खाली तूर विकली जाऊ लागली. पुढचे वाचकांनी समजून घ्यावे. शेतकऱ्याचा एक पैसा आम्ही बुडवला नाही. पण त्यासाठी दुकान विकावे लागले. मी एका खाजगी कचेरीत हिशेब लिहू लागलो.

वडील त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. त्या दिवसापासून आमच्या घरात औषधे, पाऊस, नातेवाइकांची लग्ने असल्या सगळ्या विषयांवर बोलणे होई. भाव आणि बाजार हे दोन शब्द मात्र कोणी उच्चारीत नसे. लक्ष्मीपूजनाला वडील पूर्वी लाल वही पूजत. ती प्रथाही थांबली. पाटावर नुसती लक्ष्मीची तसबीर असे.

गेल्या पावसाळ्यातल्या एका रात्री मी झाओन्सच्या स्थानकाशी झुंजत असताना मागून आवाज आला.

"काय करून राहिला रे?"

वडील दारात उभे होते. वय ऐंशीच्या घरात. मी चोरी पकडल्यासारखा उठलो आणि काहीतरी पुटपुटलो. ते जवळ आले, चष्मा पुसून पडद्याकडे बघितले आणि आठ वर्षांत जे विचारले नव्हते ते विचारले.

"माल काय हाय?"

"धान्य. वीस टन."

"काय भावानं घेतलं?"

"चार."

"अन् परतीले काय भरशील? का रिकामाच येशील?"

मी उत्तर देणार तोच वीज गेली. यान गेले, धान्य गेले, संध्याकाळची कमाई गेली. अंधारात क्षणभर शांतता होती. मग वडील हसले. मोठ्याने, पोट धरून. त्यांचे तसे हसणे मी विसरलो होतो.

"विमा उतरवला होता का?" त्यांनी विचारले.

त्या रात्रीपासून माझ्या शेजारी दुसरी खुर्ची आली. यान मी चालवीत असे. धंदा ते बघत. त्यांना ताऱ्यांचे काडीचे नवल वाटले नाही. "हे तर लमाणाचं काम," ते म्हणाले. खरेच की! आमच्याच जिल्ह्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे तीर्थक्षेत्र; २०२४ साली तिथे त्या समाजाच्या वारशाचे मोठे संग्रहालयही उघडले. रस्ते आणि रेल्वे होण्यापूर्वी शेकडो बैलांचे तांडे घेऊन धान्य आणि मीठ मुलखामुलखांतून पोचवणारे हेच लोक. जिथे जे पिकत नाही तिथे ते न्यायचे, वाटेत चोरांशी स्वतःच लढायचे, आणि मुक्कामाला पोचेपर्यंत काहीच आपले म्हणायचे नाही. केंब्रिजच्या त्या मुलांच्या मनात तांडा असण्याचे कारण नाही. पण व्यापार सगळीकडे सारखाच, त्याला ते तरी काय करणार?

वडिलांचे नियम कडक होते. मालाच्या यादीत 'गुलाम' असा एक शब्द आहे. तो माल वाहिला तर त्या आकाशातले पोलीसही मागे लागतात, पण नफा बरा सुटतो. मी अर्थ सांगताच ते म्हणाले, "माणसं इकतात? तिकडं पाहूही नको." नशेच्या मालाविषयी तेच. यान आपोआप स्थानकात शिरवणारे एक यंत्र दीड हजार क्रेडिटला मिळते. 'एलिट' जेव्हा कमोडोर ६४ या संगणकावर आला तेव्हा ते यंत्र चालू केले, की योहान स्ट्राउसचा 'ब्लू डॅन्यूब' हा वॉल्ट्झ वाजत असे. स्टॅन्ली कुब्रिकच्या १९६८ च्या अंतराळपटात वाजतो तोच. मी ते घ्यायचे म्हटले तर वडील म्हणाले, "ज्याले गाडी लावता येत नाही त्यानं हाकू नये." मग तेच बाजूला बसून ताल धरू लागले. फट आडवी येत आली, की "आता!" म्हणत. हाताला वळण लागले. मी भस्म होईनासा झालो.

आणि मग ती रात्र आली. आमच्या गाठीस दोन हजारांच्या आत-बाहेर जमले होते. रिडक्वॅट नावाचा एक ग्रह आहे. तिथे बेबंदशाही, वाटेवर लुटारूंचा सुळसुळाट, पण संगणकाला भाव चांगला. मी उत्साहाच्या भरात सगळी कोठी संगणकांनी भरली. उरलेल्या रकमेतून यानासाठी आणखी एक हत्यार घेतले. गल्ल्यात नावालाच काही उरले.

"निघतो," मी म्हणालो.

वडील बोलले नाहीत. मी वळून पाहिले. ते पडद्याकडे पाहतच नव्हते.

"सगळं एकाच मालात?" ते म्हणाले. "अन् गल्ल्यात काय ठेवलं?"

माझे हात कळफलकावरच राहिले. हे वाक्य कशाविषयी होते ते दोघांनाही कळले होते.

"तुरीच्या वक्ती मले दिसत होतं," ते हळूहळू म्हणाले. "पोरगा नवा गादीवर बसला, त्याचा हिय्या कायले मोडा, म्हणून मी गप्प बसलो. मी बोलाले पाहिजे होतं. आठ वर्सं तेच घोळून राहिलं डोक्यात."

वाचकहो, आठ वर्षे मी समजत होतो की हा माणूस मनातल्या मनात मला दोष देतो आहे. तो दोष देत होता, पण स्वतःला. एका घरात, एका ताटापासून हातभर अंतरावर बसून आम्ही दोघे आपापले ओझे असे वेगवेगळे वाहत होतो, आणि दुसऱ्याला त्याचा पत्ता नव्हता.

"चूक माझी होती, बाबा," मी म्हणालो.

"होती ना. पण हिशेब दोघांचा हाय."

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्यांनीच चष्मा चढवला. "बरं, आता हा माल परत घेतात का ते?" घेतात. स्थानक सोडले नसेल तर घेतल्या भावानेच घेतात. एवढी सोय आमच्या बाजारात असती तर! मी निम्मे संगणक परत केले, रिडक्वॅटचा नाद सोडला आणि नेहमीच्या लावेच्या वाटेला लागलो. नफा थोडा झाला. मुक्कामाला सुखरूप पोचलो.

खेळात हुद्दे आहेत. आरंभी तुम्ही 'निरुपद्रवी' असता. शत्रू पाडत पाडत वर चढत गेलात, की शेवटी 'एलिट'. मुळातल्या खेळात त्यासाठी ६,४०० याने पाडावी लागत. आम्ही दोघे बापलेक अजून पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवरच घोटाळतो आहोत. चिरंजीव पुण्याहून विचारतात, "कुठवर आलात?" मी सांगतो, "धंदा ठीक आहे."

परवा दिवाळीच्या सामानाची यादी करायला सौ. बसल्या. पणत्या, बत्तासे, केरसुणी असे चालले होते. वडील आतून म्हणाले, "एक लाल वही आणजा. लांबोडी." सौ. नी माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही; यादीत लिहून घेतले.

वही आली आहे. पहिल्या पानावर 'श्री' त्यांनीच काढायचे ठरले आहे आणि खाली पहिली नोंद: लावे, धान्य. किती टन, असे मी विचारले.

"पाडव्याचा मुहूर्ताचा सौदा लहान करतात," ते म्हणाले. "दोन टन."