थर्मोस्टॅटची हकालपट्टी

जुन्या पिकअपचे इंजिन उतरवून ते नव्याने बांधावयाचे, म्हणजे बोअर करून घ्यावयाचे, स्लीव्ह, पिस्टन आणि रिंगा बदलावयाच्या, क्रँक घासून घ्यावयाचा, नोझल आणि पंप तपासून आणावयाचे, आणि एवढा सारा खर्च व खटाटोप पार पडून हेडवर थर्मोस्टॅट बसविण्याची वेळ आली की तो उचलून भंगाराच्या डब्यात टाकावयाचा, असा एक शिरस्ता आपल्याकडील अनेक गॅरेजांत पडून गेला आहे. मालकाने पृच्छा केलीच, तर उत्तर ठरलेले असते : "शेठ, हे थंड मुलखातल्या गाड्यांसाठी असतं. आपल्या हवेत कशाला पाहिजे? नसलं म्हणजे इंजिन गार राहतं." हे उत्तर मी नारायणगावच्या बाजारात टोमॅटो आणणाऱ्या चालकांकडून ऐकले आहे, तालुक्याच्या गावच्या फिटरांकडून ऐकले आहे, आणि अभियांत्रिकीची पदवी पदरी असलेल्या एका सद्गृहस्थांकडूनही, अत्यंत प्रौढ गांभीर्याने, ऐकले आहे. ते सर्वस्वी चुकीचे आहे.

थर्मोस्टॅट हे यंत्र तसे साधे. १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्नेट यांनी जो मेणाचा घटक प्रचारात आणला, तोच अल्पस्वल्प फेरफारांनी आजही वापरला जातो. तांब्या-पितळेच्या लहानशा डबीत विशिष्ट प्रकारचे मेण कोंडलेले असते. ते वितळताना फुगते, त्या दाबाने दांडी सरकते आणि झडप उघडते. बहुतेक जुन्या डिझेल इंजिनांत ही झडप ८० ते ८५ अंश सेल्सिअसच्या आसपास उघडू लागते आणि आणखी दहा-पंधरा अंशांनी पूर्ण उघडते. उघडण्याचे तापमान त्या वस्तूवरच कोरलेले असते. झडप उघडेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरत राहते. म्हणजे वैशाखात बाहेर ४२ अंश तापमान असताना, भरलेली गाडी घाट चढत असताना, हे यंत्र पुरते उघडलेले असते आणि रेडिएटरच्या कामात त्याचा अडथळा नगण्य असतो. ते तापमानाची खालची मर्यादा ठरविते, वरची नव्हे. किमान वेतनाचा कायदा रद्द केल्याने साहेबांचा पगार कमी होत नाही, हे ज्यांना सहज उमगते त्यांना थर्मोस्टॅटच्या बाबतीत मात्र तेच का उमगू नये, हे मला न सुटलेले कोडे आहे.

हवामानाचा मुद्दाही तपासून पाहावा. इंजिनाला हवे ते पाणी ८५ अंशांचे. आपली हवा हिवाळ्यात पहाटे १० अंशांची, उन्हाळ्यात दुपारी ४० अंशांची. जुन्नरकडून डिसेंबरात पहाटे चारला रिकामी निघालेली पिकअप, थर्मोस्टॅटशिवाय, आपले पाणी योग्य तापमानाला नेऊच शकत नाही, आणि काटा खालच्या रेघेशी पडून राहिलेला पाहून मालक समाधान पावतो.

हा समज टिकून राहिला आहे तो मात्र निव्वळ अज्ञानामुळे नव्हे. त्याच्या पाठीशी एक खराखुरा अनुभव उभा आहे, आणि तेवढ्यापुरता मेस्त्री प्रामाणिक आहे. मेणाची डबी वर्षानुवर्षांच्या वापराने गळते किंवा गंजाने अडकते, झडप बंदच राहते, पाणी घाटात उकळते. मेस्त्री थर्मोस्टॅट काढतो, उकळणे थांबते, आणि निकाल लागतो : गुन्हेगार थर्मोस्टॅट. वास्तविक गुन्हेगार तो एक बिघडलेला नग होता. त्याच्या जागी काही शे रुपयांचा नवा बसविणे हा इलाज होता. नवा बसविण्यापूर्वी तो दोऱ्याला टांगून पाण्याच्या भांड्यात सोडावा, शेजारी तापमापक धरावा आणि भांडे शेगडीवर ठेवावे. कोरलेल्या आकड्याच्या जवळपास झडप हलली तर वस्तू चांगली. यास पाच-दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

त्यातही विपरीत प्रकार असा की अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटला दोन झडपा असतात : वरची रेडिएटरचा मार्ग उघडते, आणि त्याच वेळी खालची, पाणी परस्पर पंपाकडे परत नेणारा आडमार्ग बंद करते. अशा इंजिनातून थर्मोस्टॅट काढला की आडमार्ग कायमचा मोकळा राहतो, तापलेल्या पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरचे तोंडही न पाहता पुन्हा इंजिनात शिरतो, आणि ज्या भारावर, ज्या घाटात गाडी गार राहावी म्हणून हा उपद्व्याप केला, नेमकी तेथेच ती तापते. मग रेडिएटर मोठा करा, पंखा बदला, हेड घासा, अशी नवी बिले निघतात.

थर्मोस्टॅटच्या बाजूने बोलणारेही काही वेळा अशास्त्रीय कारण पुढे करतात, तेही येथेच निकालात काढावे. "तो नसला तर पाणी रेडिएटरमधून इतक्या वेगाने जाते की त्याला गार व्हायला वेळच मिळत नाही," असे ते म्हणतात. बंदिस्त फिरणाऱ्या पाण्याचा वेग वाढला तर उष्णता अधिकच निघते, कमी नव्हे. बाजू बरोबर असली म्हणजे वाटेल तो पुरावा चालतो असे नाही.

थंड इंजिन झिजते कसे, हे पाहू. एक लिटर डिझेल जळले की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते; ते एरवी सायलेन्सरवाटे निघून जाते. सिलिंडरची भिंत गार असेल तर त्यातील काही अंश तेथेच द्रवरूप होतो, आणि इंधनातील गंधकाची व हवेतील नायट्रोजनची ऑक्साइडे त्यात मिसळून सौम्य आम्ल बनते. ब्रिटनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ ऑटोमोबाइल इंजिनिअर्सने १९३० च्या दशकात सी. जी. विल्यम्स यांच्याकरवी सिलिंडरच्या झिजेवर जे प्रदीर्घ संशोधन करविले, त्याचा मुख्य निष्कर्ष हाच होता : भिंतीचे तापमान एका मर्यादेखाली गेले की झीज एकदम वाढते, आणि ती घर्षणापेक्षा गंजाची असते. एक सवलत अवश्य द्यावी लागेल. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत १० भागांवर आले आहे, त्यामुळे आम्लाचा उपद्रव पूर्वीइतका राहिलेला नाही. पण पाणी तेवढेच बनते, आणि गार सिलिंडरात अर्धवट जळलेले डिझेल भिंतीवरचे तेल धुऊन खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरते, तेही तसेच चालू आहे.

शिवाय मोजमापांचा प्रश्न आहे. प्यूजोच्या परवान्यावर महिंद्राने बनविलेल्या २११२ घनसेंटिमीटरच्या जुन्या इंजिनाचा बोअर ९० मिलिमीटरचा. एवढ्या व्यासाचा ॲल्युमिनियमचा पिस्टन तापमान १०० अंशांनी वाढले की सुमारे ०.२ मिलिमीटरने फुगतो आणि बिडाचे सिलिंडर त्याच्या निम्म्यानेच. म्हणून पिस्टन आणि भिंत यांतील अंतर इंजिन तापलेले असेल हे गृहीत धरून ठेवलेले असते. लेथवाल्याने डायल गेज लावून शतांश मिलिमीटरपर्यंत राखलेले माप, थर्मोस्टॅट फेकून देऊन आपण पहिल्याच दिवशी निरर्थक करतो.

या गार राहण्याचा सर्वांत खर्चिक विनोद तेलाच्या टोपीखाली सापडतो. चेंबरमधील पाण्याची वाफ होऊन ती निघून जाण्याइतके इंजिन तापतच नाही, तेव्हा ते तेलाशी घुसळून टोपीच्या आतल्या बाजूला लोण्यासारखा पांढरट थर साचतो. तो पाहून "हेडचं पॅकिंग गेलं, पाणी ऑइलमध्ये येतंय" असे निदान होते आणि नुकतेच बांधलेले इंजिन पुन्हा खोलले जाते. पॅकिंग खरोखर गेले असेल तर रेडिएटरचे पाणी कमी होत जाईल, पाण्यात बुडबुडे दिसतील; तेवढे पाहिल्यावाचून पान्याला हात लावू नये.

गाडी तापण्याची खरी कारणे अन्यत्र आहेत. बोअरवेलचे जड पाणी वर्षानुवर्षे ओतल्याने साचणारा क्षार उष्णता बिडाच्या अंदाजे विसाव्या हिश्शाने वाहून नेतो. रेडिएटरचे झाकण दाब धरीत नसेल तर महाबळेश्वरच्या उंचीवर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते, आणि तेच झाकण ०.९ किलोचा दाब धरील तर उत्कलनबिंदू ११५ अंशांच्या पलीकडे जातो. कूलंट बर्फाळ प्रदेशासाठी असते हा समज थर्मोस्टॅटवाल्या समजाचा सख्खा भाऊ. त्यातील गंजरोधक द्रव्ये आणि ओल्या स्लीव्हला कंपनांमुळे पडणारी बारीक छिद्रे टाळण्याची शक्ती यांची गरज सोलापुरातही तेवढीच आहे.

उरलेले समज थोडक्यात. नव्याने बांधलेले इंजिन तासनतास जागेवरच चालू ठेवावे, मग हजार किलोमीटर बैलगाडीच्या चालीने हाकावे, हा सल्ला घातक आहे : रिंगा भिंतीशी बसतात त्या मुख्यतः त्यांच्या मागे शिरणाऱ्या वायूच्या दाबाने, आणि भाराविना चालविल्यास भिंतीला काचेसारखी चकाकी येऊन इंजिन जन्मभर तेल पीत राहते. मध्यम भार, बदलता वेग आणि तेलाची पहिली बदली लवकर, एवढे पुरे. डिझेल इंजिनाचे तेल काही दिवसांत काळे पडते ते काजळी आपल्यात धरून ठेवण्याचे काम करते म्हणून. रंगावरून बदली ठरवू नये. जाड तेल घातल्याने झिजलेल्या रिंगा बऱ्या होत नाहीत, फक्त सकाळी तेल बेअरिंगपर्यंत उशिरा पोचते. काळा धूर म्हणजे इंजिन उतरवा असे नाही, आधी एअर फिल्टर आणि नोझल पाहावे. निळा धूर तेलाचा. बोअर लंबगोल झालेला असताना नुसत्या रिंगा बदलणे म्हणजे मजुरी दोनदा देण्याची तजवीज. आणि नव्या डिझेलमध्ये गंधक नाही म्हणून पंप कोरडा पडतो, त्यात दुचाकीचे तेल मिसळा, असे सांगणाऱ्यांना आयएस १४६० हे भारतीय मानक दाखवावे. डिझेलच्या वंगणक्षमतेची मर्यादा त्यात घालून दिलेली आहे आणि ती पाळण्यासाठी लागणारी द्रव्ये शुद्धीकरण कारखान्यातच मिसळली जातात. जुना पंप खराब झाला असेल तर आधी डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून त्यातून पाणी येते का ते पाहावे.